हात बसतो, तसा विश्वासही बसतो

आपल्याकडे मुलांचा आत्मविश्वास मोजायची जागा म्हणजे स्टेज. मंडळाच्या गणेशोत्सवात चार-पाच वर्षांचं मूल माईकपुढे उभं राहून न अडखळता श्लोक म्हणून जातं आणि मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी म्हणतंच, "काय आत्मविश्वास आहे हो!" त्याच वयाचं दुसरं मूल आईच्या पदराआड लपलं, की "जरा बुजरं आहे" एवढ्यावर त्याचा विषय संपतो. मी त्या दुसऱ्या गटातली. बडोद्यात वाढले, इथेच एमएस्सी केलं आणि गेली सतरा वर्षं औषधांच्या कारखान्यांमध्ये क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काम करते आहे. आजही चारचौघांत बोलायला उभी राहिले की हात गार पडतात.

तरी या सतरा वर्षांत एक गोष्ट मला पक्की पटली आहे. स्टेजवरचा धीटपणा वेगळा आणि आपल्या कामाबद्दल स्वतःवर असलेला विश्वास वेगळा. दोन्ही एकाच माणसात असतील असं नाही. मीटिंग गाजवणारी मुलं मी पाहिली आहेत, जी स्वतःच्या रीडिंगखाली सही करताना तीनदा इकडेतिकडे बघतात. आणि दिवसभरात दहा वाक्यंही न बोलणारी एक मुलगी पाहिली आहे, जिची सही असली की पुढचा माणूस निर्धास्त होतो.

मंडळाच्या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा वाटलं, नुकतीच नोकरीला लागलेली किंवा लागायच्या बेतात असलेली आपली मुलं हे वाचतील, तर या दुसऱ्या विश्वासाबद्दलच लिहावं. तो डळमळला की काम तर बिघडतंच, शिवाय झोप बिघडते, पोट बिघडतं, घरातल्यांशी बोलणं बिघडतं. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी स्वतः अनुभवलं आहे.

आधी आमच्या कामाबद्दल थोडं सांगते. औषधाच्या प्रत्येक बॅचचा नमुना लॅबमध्ये येतो. वजन करायचं, विरघळवायचं, यंत्राला लावायचं, आकडा आला की वहीत लिहायचा आणि खाली तारीख घालून सही करायची. आकडा ठरलेल्या मर्यादेत असला तर बॅच पुढे जाते. मर्यादेबाहेर गेला तर दोनच शक्यता असतात. एक तर मालात काही दोष आहे, नाही तर मोजणाऱ्याचं काहीतरी चुकलं आहे. आणि कारखान्याला साहजिकच दुसरी शक्यता सोयीची वाटते. माल परत करण्यापेक्षा चाचणी परत करणं स्वस्त पडतं.

माझी पहिली नोकरी एका छोट्या कारखान्यात होती. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. लागून आठ महिने झाले होते. पावसाळ्याचे दिवस होते. एका पावडरमध्ये पाण्याचं प्रमाण किती आहे ते काढायचं काम माझ्याकडे होतं. या चाचणीला कार्ल फिशर म्हणतात. मर्यादा होती 0.5 टक्के. माझा आकडा आला 0.7. मी वही घेऊन सेक्शनच्या साहेबांकडे गेले. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "फरीथी करो," एवढंच म्हणाले. पुन्हा केलं, पुन्हा तेवढाच आकडा. "अजून एकदा." तिसऱ्यांदाही तेच. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "बेन, तुमचा हात अजून बसलेला नाही," आणि नमुन्याची बाटली एका जुन्या अ‍ॅनालिस्टकडे दिली.

तिचा आकडा आला 0.68.

बॅच परत ड्रायरला गेली, दोन दिवसांनी मर्यादेत आली, फाइल बंद झाली. माझे तिन्ही आकडे बरोबर होते, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं असं कुणाच्या मनातही आलं नसावं. पण "हात बसलेला नाही" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि ते परत घेतलं गेलं नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते हळूहळू झालं. मी प्रत्येक वजन तीनदा करायला लागले. साधा आकडा असला तरी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला "जरा बघतेस?" म्हणून विचारायला लागले. सहाला संपणारं काम साडेसातला संपायचं. घरी रात्री गॅसचा खटका दोनदा बघायचे, मग पुन्हा उठून तिसऱ्यांदा. रविवारी दुपारपर्यंत बरं असायचं, संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. आई म्हणायची, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? साहेब लोक बोलतातच." तिचंही बरोबर होतं. पण मला स्वतःलाच समजत नव्हतं की माझं काही चुकलेलं नसताना हे का होतं आहे.

याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीत सापडलं. कॅनडात जन्मलेले बँडुरा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत. 1977 मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. त्यात, एखादं काम आपल्याला जमेल असं माणसाला कशावरून वाटतं, याची चार कारणं त्यांनी दिली. पहिलं आणि सगळ्यांत भक्कम कारण म्हणजे ते किंवा त्यासारखं काम आपण आधी यशस्वीपणे केलेलं असणं. दुसरं, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना बघणं. तिसरं, ज्याच्या शब्दाला आपण मान देतो त्याने "तुला जमेल" म्हणणं. आणि चौथं म्हणजे आपलं शरीर. छाती धडधडत असली, हात कापत असले, की माणूस त्याचा अर्थ "मला हे येत नाही" असा लावतो.

ही चार कारणं समोर ठेवून मी माझी ती आठ महिन्यांची मुलगी पुन्हा पाहिली. तिसरं कारण तर उलटंच झालं होतं. ज्यांच्या शब्दाला मान होता त्यांनीच "जमत नाही" म्हटलं होतं. चौथं कारणही तसंच, कारण वजन करताना हात कापायचा आणि कापणारा हात बघून मला वाटायचं, साहेब बरोबरच म्हणतात. पण मोठी गंमत पहिल्या कारणाची होती. मी काम यशस्वीपणे केलेलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. तरी ते माझ्या खात्यावर जमा झालं नाही, कारण ते यश आहे हे कुणी म्हटलंच नाही. नवीन माणसाला स्वतःचं बरोबर आलेलं ओळखता येत नसतं. चूक लगेच कळते, तिच्यासाठी बोलावणं येतं. बरोबर आलेलं काम मुकाट्याने पुढे जातं.

दोन वर्षांनी मी दुसरीकडे लागले. तिथल्या लॅबप्रमुख बाई गुजराती होत्या, वयाने माझ्या मावशीएवढ्या. रुजू होऊन तीन आठवडे झाले असतील, माझा एक आकडा मर्यादेबाहेर गेला. पाय जड झाले. वही घेऊन त्यांच्या टेबलाशी उभी राहिले. त्यांनी बाजूची खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "काय काय पाहिलंस?"

मला प्रश्नच नीट कळला नाही. "काय चुकलं?" असं विचारलं असतं तर माझ्याकडे माफी तयार होती. पण त्यांना खरोखर यादी हवी होती. मी सांगायला लागले. तराजू सकाळी वजनं ठेवून तपासला होता. रसायनाची ताकद त्याच दिवशी काढली होती. नमुन्याच्या बाटलीचं झाकण घट्ट होतं. गणित दुसऱ्यांदा करून पाहिलं होतं. चौथ्या-पाचव्या मुद्द्यापाशी माझ्या लक्षात आलं, माझा आवाज स्थिर झाला आहे. बाईंनी एकच विचारलं, "खोलीतली आर्द्रता लिहिलीस का?" लिहिली होती. "मग आता ही बाब तुझी नाही, मालाची आहे. सही कर."

पुढे कळलं की हा त्यांचा चांगुलपणा होताच, पण तो आमच्या व्यवसायाचा नियमही आहे. पहिला आकडा आवडला नाही म्हणून पुन्हा पुन्हा मोजत बसायचं आणि हवा तो आकडा आला की थांबायचं, हे औषध उद्योगात चालत नाही. 1993 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या न्यायालयाने एका औषध कंपनीच्या खटल्यात यावर सविस्तर निकाल दिला आणि तेव्हापासून जगभरच्या लॅब त्या वाटेने जातात. आधी ठरलेल्या क्रमाने शोधायचं की लॅबमध्ये काही चुकलं का. दोष सापडला, तर आकडा रद्द. नाही सापडला, तर तो आकडा टाकून देता येत नाही, मग तो कितीही अडचणीचा असो.

मला आता वाटतं, स्वतःवर विश्वास म्हणजे नेमकं हेच. "मी चुकणारच नाही" असं वाटणं हा विश्वास नाही, तो माज. "माझंच काहीतरी चुकलं असणार" असं दरवेळी वाटणं हा विनय नाही, ते भय. या दोहोंच्या मधली एक जागा आहे. माझं कुठे चुकू शकतं ते मला माहीत आहे, ते मी पाहिलं आहे, आणि पाहून झाल्यावर मी माझ्या शब्दावर उभी राहू शकते. तिथे पोचायला धीट असावं लागत नाही. पद्धत लागते आणि "काय काय पाहिलंस?" विचारणारं माणूस लागतं.

खरं म्हणजे ही पद्धत आपल्या घरातही होतीच. आमची आजी दिवाळीत दांडिया बाजारातल्या ओळखीच्या घरांना चकल्या करून द्यायची. एवढ्या वर्षांचा हात, तरी पहिला घाणा कधी भरून टाकला नाही. आधी एकच चकली सोडायची. तेलात विरघळून तुटायला लागली तर मोहन जास्त झालं, थोडं पीठ घालायचं. कडक झाली तर मोहन कमी पडलं. ती एक चकली मोडून, चावून बघायची आणि मग दोन किलो भाजणी डोळे मिटून तळायची. तिला कुणी "तुझा हात बसला नाही" म्हटलं असतं तर तिने तीच चकली त्याच्या हातावर ठेवली असती. तिचा विश्वास तिच्या स्वभावात नव्हता, त्या पहिल्या चकलीत होता.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. "स्वतःवर विश्वास ठेव" हे वाक्य नोकरी देणाऱ्यांना फार सोयीचं आहे. सगळा भार ते त्या माणसावरच टाकतं. जणू जागा कशीही असो, माणूस आतून भक्कम असला की झालं.

आपल्या बडोद्याचाच इतिहास याचं उत्तर देतो. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. करारानुसार 1917 मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्या वेळी या शहरातल्या कचेऱ्यांमध्ये त्यांच्याएवढं शिकलेली माणसं किती असतील? तरी कचेरीतले शिपाई स्पर्श टाळायला कागद लांबून टाकत, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. राहायला जागा मिळेना म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात ओळख लपवून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना ती जागा त्याच दिवशी सोडावी लागली. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कमाटी बागेत, म्हणजे आपल्या सयाजी बागेत काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये लिहिला आहे. त्याच्या स्मरणार्थ बडोद्यात आज संकल्पभूमी आहे.

त्या अन्यायाशी माझ्या लॅबमधल्या एका वाक्याची तुलना करायचा माझा अजिबात विचार नाही. ती होऊच शकत नाही. पण त्या बागेवरून मी आठवड्यातून दोनदा जाते आणि दरवेळी एक गोष्ट मनात येते. त्या माणसात विद्वत्ता आणि निर्धार यांची काय कमी होती? तरी कचेरीने आणि शहराने त्यांना तिथे काम करू दिलं नाही, आणि बडोद्याने त्यांना गमावलं. माणूस कितीही भक्कम असो, जागेने तिचं काम केलं पाहिजे. म्हणून यापुढे तुम्हाला कुणी "तुझ्यातच आत्मविश्वास कमी आहे" म्हटलं, तर आधी एवढं तपासा की ज्या जागेत तुम्ही बसता तिथे तुमच्या शब्दाला ऐकून घेतलं जातं का.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचं यावर मोठं काम आहे. रुग्णालयातल्या गटांचा अभ्यास करताना त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जे गट चांगले होते, त्यांच्या नोंदींत औषधांच्या चुका जास्त होत्या. चांगले गट जास्त चुका करतात? तसं नव्हतं. तिथल्या परिचारिका चूक झाली की मोकळेपणाने सांगत होत्या, बाकीच्या गटांत त्या दडपल्या जात होत्या. 1999 मध्ये त्यांनी या मोकळीकीला मानसिक सुरक्षितता असं नाव देऊन निबंध लिहिला. "मला शंका आहे," "मला कळलं नाही," "हे बरोबर वाटत नाही" ही तीन वाक्यं जिथे न घाबरता बोलता येतात, ती जागा सुरक्षित. माझ्या पहिल्या नोकरीत यातलं एकही वाक्य कुणी बोलत नसे. तिथे सगळं नेहमी ठीकच असायचं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे 1200 कोटी कामाचे दिवस वाया जातात असा त्यांचा अंदाज आहे. या सूचनांमध्ये कर्मचाऱ्यांना शिकवण्याबरोबरच साहेब लोकांना शिकवण्यावर भर आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. वर्षातून एकदा योगाचा वर्ग आणि केक ठेवून कर्मचारी सुखी होत नाहीत. त्यांचं ऐकणारा साहेब असला की पुष्कळसं काम होतं.

आता माझ्या भाचीबद्दल. बडोद्यात वाढली, इथेच इंजिनीअर झाली आणि पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागली. आम्हाला वाटलं, बरं झालं, मराठी मुलखात गेली, घरच्यासारखंच वाटेल. झालं उलटंच. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर ती म्हणाली, "मला फावेल." आमच्याकडे हे सगळे म्हणतात, गुजरातीच्या शेजाराने आलेलं आहे. तिथे दोघे-तिघे हसले. वाईट हेतूने नव्हे, पण हसले. मग तिने मराठी कमी केलं. इंग्रजी अडखळतं, हिंदी बोलली तर "मराठी आहेस ना?" असा प्रश्न. चार भाषा येणारी मुलगी मीटिंगमध्ये गप्प बसायला लागली. बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, कुठल्याही गावची आपली मुलं हा अनुभव ओळखतील.

रविवारी रात्री तिचे फोन यायचे. "मावशी, मला वाटतं मी चुकून निवडली गेले. एक दिवस यांच्या लक्षात येईल." मी तिला सांगितलं, या भावनेला नाव आहे आणि ते तुझ्या जन्माच्या पुष्कळ आधी दिलेलं आहे. 1978 मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी कर्तबगार बायकांचा अभ्यास करून हे मांडलं. पदव्या आहेत, यश आहे, तरी त्या बायकांना आत कुठेतरी वाटायचं की आपण सगळ्यांना फसवतो आहोत. भाची म्हणाली, "म्हणजे मी एकटी नाही तर!" त्या एका वाक्याने तिचं अर्धं ओझं उतरलं असावं.

उरलेल्या अर्ध्यासाठी मी तिला माझी वही सांगितली. ही वही मी गेली बारा-तेरा वर्षं ठेवते आणि माझ्या हाताखालच्या नव्या मुलींनाही ठेवायला लावते. रोज संध्याकाळी तीन ओळी लिहायच्या. आज मी काय तपासलं. त्यातलं काय बरोबर निघालं. कुठे मला शंका आली आणि मी ती कुणाला सांगितली. एवढंच. बँडुरांच्या पहिल्या कारणासाठी ही वही आहे. बरोबर आलेलं काम मुकाट्याने पुढे जातं, म्हणून ते आपणच जमा करून ठेवायचं. महिन्याने मागे वळून पाहिलं की कळतं, हात बसतो आहे.

बाकी दोन गोष्टी सांगितल्या. शंका सांगताना आकडा आणि यादी घेऊन जायचं. "मला असं वाटतं" यापेक्षा "मी हे, हे आणि हे पाहिलं, तरी असं दिसतं" हे वाक्य लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात, आणि ते अडखळत्या इंग्रजीतही चालतं. दुसरं म्हणजे छाती धडधडली तर धडधडू द्यायची. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की माझी अजून धडधडते. त्याचा अर्थ काम येत नाही असा नाही.

आणि एक गोष्ट जरा बजावून सांगितली, ती तुम्हालाही सांगते. वही, यादी, मावशी हे सगळं साध्या डळमळण्यासाठी आहे. झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तो धीराचा प्रश्न राहिलेला नसतो, डॉक्टरचा असतो. सरकारची टेलि मानस ही सेवा 2022 पासून सुरू आहे, 14416 या नंबरवर फोन फुकट लागतो आणि आपल्या भाषेत बोलता येतं. आणि जागाच विषारी असेल तर ती सोडणं ही हार नव्हे. मी सोडली. सोडल्यावरच कळलं की हात कापत होता तो माझ्यामुळे नव्हे.

घरातल्या मोठ्यांनाही एक विनंती. मूल नोकरीवरून आलं की आपण विचारतो, "काय म्हणाले साहेब? पगारवाढीचं काय?" कधीतरी "आज काय जमलं?" असंही विचारावं. उत्तर पहिल्यांदा "काही नाही" असं येईल. तरी विचारत राहावं. आणि बाहेरगावी राहणाऱ्या मुलांच्या मराठीला, इंग्रजीला, बोलण्याच्या ढबीला निदान घरी तरी कुणी हसू नये. हसायला बाहेर माणसं आहेत.

मागच्या महिन्यात भाचीला त्यांच्या अ‍ॅपमध्ये एक दोष दिसला. पैसे भरताना दहातून एखाद्या वेळीच यायचा. नेहमी येत नसल्याने ती सांगायला कचरत होती, "दाखव बरं" म्हटलं आणि तेव्हाच आला नाही तर? तरी तिने वहीतून यादी काढली, कुठल्या फोनवर, किती वेळा, नेटवर्क कसं होतं, सगळं, आणि मीटिंगमध्ये तीन वाक्यांत मांडलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टेस्टरलाही तो दोष सापडला. अ‍ॅप बाहेर पडायचं दोन दिवस लांबलं. तिचं कुणी विशेष कौतुक केलं नाही. तिच्या साहेबांनी "ओके, गुड" एवढंच म्हटलं म्हणे.

त्या रविवारी रात्री तिचा फोन आला. मी सवयीने खुर्ची ओढून बसले. म्हटलं, आता अर्धा तास. तर तिला विचारायचं होतं की शेव-उसळीच्या तर्रीत लसूण आधी घालायचा की नंतर, ऑफिसातल्या चौघांना जेवायला बोलावलं होतं.